हात वर होईपर्यंत

दिनकर रणपिसे. आधी हे नाव लिहून ठेवतो, बाकीचं मग. आठवीत शाळा सुटलेल्या, मेहकरकडून बारामतीत येऊन पडलेल्या माझ्यासारख्या माणसाला ज्यांनी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनपुढं उभं केलं, आणि उभं केल्यावर पळून जाऊ दिलं नाही, ते रणपिसे सर. त्यांच्याबद्दल लिहायला माझी भाषा पुरेल का, ही धास्ती आहेच. पण बोलायची वेळ आली तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून आता लिहायला बसलोय.

त्या दिवशी सकाळी मशीनवर, त्याच्याच मेमरीत मावणारा, एक लहान जॉब चालू होता. आमच्या वर्कशॉपचे मालक नाना, जळोचीच्या ऊसवाल्या घरातले, दारातून चपलांसकट सरळ आत आले. एरवी मशीनच्या खोलीत चपला घातलेल्या त्यांना खपत नाहीत. माझ्याकडं न बघता ते पुढं आले आणि स्वतःच्या हातानं थांबवायचं बटण दाबलं. कापता कापता मशीन मध्येच थांबलं की स्टीलवर डाग उमटतो, आणि तो डाग दिसला की नाना आख्खं वर्कशॉप डोक्यावर घेतात. मी ओरडलोच, "नाना, डाग पडंल ना बापा!" ते म्हणाले, "पडू दे. दिनकर गेला आपला." सर सुट्टीला घरी, निरवांगीला गेले होते. छातीत कळ आली, जीपमधून इंदापूरला नेईपर्यंत... मी सरांच्या केबिनकडं बघितलं. काचेच्या आत कॉम्प्युटरवर कापड झाकलेलं होतं, सर झाकायचे तसं, चारी कोपरे खाली ओढून. मला वाटलं, नानांना कुणीतरी चुकीचं सांगितलंय. असं नीट झाकून गेलेला माणूस परत येणार म्हणूनच गेलेला असतो.

मी बारामतीच्या एमआयडीसीत आलो तो शेजारच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ग्राइंडर मारायला. गावाकडं आई आणि लहान बहीण. त्यांना मी 'कंपनीत आहे' असं कळवलं होतं, आणि ते खोटं पडेल म्हणून जीव टांगलेला असायचा. जळोचीत एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. बाकीच्यांनी खिळ्यांना कपडे टांगले, मी मात्र पिशवी भरलेलीच ठेवली. परत जायला लावलं तर निदान आवरायला नको. परत जायचं म्हणजे जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलायचे, आणि आईच्या तोंडावर, चौकात सगळ्यांनी विचारायचं, "काहून रे, परत काहून आला?"

नानांनी तेव्हा नवीन सीएनसी मशीन घेतलं होतं आणि त्याचे प्रोग्रॅम बनवायला पुण्यातल्या एका कंपनीतून रणपिसे सरांना आणलं होतं. सर कॅम सॉफ्टवेअर शिकलेले. म्हणजे कॉम्प्युटरवर जॉबचं चित्र काढायचं, कापायचं कोणतं टूल कुठून कसं फिरणार ते दाखवायचं, की तो कॉम्प्युटर मशीनला समजतील अशा आकड्यांच्या ओळीच्या ओळी तयार करून देतो. आमच्या भागात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे बँकेत लांबून बघायची वस्तू. सर ऑपरेटर शोधत आमच्या शेडमध्ये आले. मी ग्राइंडर मारायचा चष्मा काढून उभा राहिलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भितोस का?"

"कायले?"

"मशीनला."

"मी तं सगळ्यालेच भेतो, सर."

ते हसले. मागं नाना उभे होते, त्यांना म्हणाले, "नाना, ह्यो चालंल."

"आरं पर आठवी नापास हाय त्यो!"

"नापास न्हाय, सोडलीय. आन् न भिणारी दोघं होऊन गेली की आपल्याकडं. दोघांनी बी मशीन ठोकलं. आता एक भिणारा बघू."

अशी माझी निवड झाली. माझ्या भीतीला कुणी कामाला लावलं ते आयुष्यात पहिल्यांदा.

आमच्या मशीनची मेमरी लहान होती. सरांचा मोठा प्रोग्रॅम आख्खा तिच्यात मावायचा नाही. म्हणून केबिनपासून मशीनपर्यंत भिंतीवरून एक लांब केबल ओढली होती. कॉम्प्युटर तिच्यातून थोड्या थोड्या ओळी सोडणार, मशीन तेवढ्या संपवून पुढच्या मागणार. केबिनमध्ये सर, मशीनपाशी मी, मध्ये काच आणि कंप्रेसरचा आवाज. हाक मारून उपयोग नाही. म्हणून सरांनी एक रीत घालून दिली. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवायचा तर मी टूल बघायचं, जॉब बघायचा, सगळं मनासारखं वाटलं की उजवा हात वर करायचा. हात वर झाला की ते एंटर दाबणार. हात वर झाला नाही, तर प्रोग्रॅम सुटणार नाही. मालक असो नाहीतर मालकाचा पाहुणा, कुणी सांगितलं तरी नाही.

सुरुवातीला माझा हात खांद्याच्या वर जायचाच नाही. सर केबिनच्या दारात येऊन म्हणायचे, "आरं, यष्टी थांबवतोस का? शाळंत उत्तर येतंय म्हणल्यावर करत्यात तसा कर."

"शाळेत मले येतच नोतं सर, हात वर करायची सवयच नाही."

"मंग हितं लाव सवय. हितल्या उत्तराला मास्तर तूच हायस."

एवढं करूनही ठोकर व्हायची ती झालीच. रुंद प्लेट होती, ती दोन्ही बाजूंनी क्लॅम्पनं दाबून धरली होती. मी टूल बघितलं, जॉब बघितला, हात वर केला. टूल सुरळीत कापत होतं. मग ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आडवं धावलं आणि थेट क्लॅम्पवर आदळलं. तो आवाज कसा होता ते लिहिता येणार नाही... लाल बटणावर माझा हात पडला, पण कटरचा तुकडा तोवर समोरच्या पत्र्यात रुतला होता. नाना पळत आले. "ए वऱ्हाडा! तू बी ठोकलंस का?" डोळ्यांसमोर ती भरलेली पिशवी आली. सर आले. टेबलाकडं वाकून बघितलं, केबिनमध्ये जाऊन कॉम्प्युटरचा पडदा बघितला, परत आले.

"नाना, त्येला बोलू नका. क्लॅम्प माझ्या कॉम्प्युटरात न्हवता."

"कॉम्प्युटरात कशाला आसंल? क्लॅम्प ह्यो काय हितं, टेबलावर!"

"तेच म्हंतोय. कॉम्प्युटरात जॉब नुसता हवेत तरंगतोय. त्येला धरून कोण बसलंय, ह्ये मी दावलंच न्हाय. मंग टूल गेलं आडवं, मोकळं रान हाय म्हणून."

"म्हंजी चूक कुणाची?"

"माझी."

नाना टूल फिरवणाऱ्या स्पिंडलला हात लावून बघत राहिले. चूक कबूल केली की भांडायला काही उरत नाही, आणि नानांना तर भांडायचं होतं. मला मात्र बाहेर जाताना सुनावून गेले, "पुढच्या टायमाला काय झालं तर दोघांस्नी यष्टीत बसवीन. एक निरवांगी, एक मेहकर." सॉफ्टवेअरला क्लॅम्पचं चित्र लागत नव्हतं, त्यावाचून प्रोग्रॅम होत होता. तरी त्या दिवसापासून सर प्रत्येक चित्रात क्लॅम्पच्या जागी पिवळे डबे काढायला लागले. मला आत बोलवायचे. "कुठं लावणार हायस? बोट ठेव." शॉक बसेल या भीतीनं मी पडद्यापासून बोटभर लांब दाखवायचो. "आरं चिकटीव की, चावत न्हाय." मी बोट टेकवायचो तिथं ते पिवळा डबा काढायचे.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहितोय त्या दिवसाकडं येतो. पंपाच्या पंख्याचा साचा करायचं काम नानांना मिळालं होतं. पुण्याच्या एका कंपनीनं स्टीलचा ठोकळा स्वतः पाठवला होता, एकच. हा साचा जमला तर पुढची सगळी कामं बारामतीला, नाहीतर आमचं नाव त्यांच्या दारातून कायमचं बाद. पहिला कट बघायला त्यांचे दोन इंजिनिअर गाडी घेऊन आले. नानांनी नवी टोपी घातली होती. सरांनी पिवळे डबे मला दाखवले, मी बोट टेकवून हो म्हणालो. बाहेर येऊन टूल बघितलं, जॉब बघितला. सर एंटरवर बोट ठेवून काचेतून माझ्याकडं बघत होते. इंजिनिअर माझ्या मागं उभे होते, त्यांच्या अंगाचा साबणाचा वास येत होता. आणि माझा हात वर होईना.

काय चुकलं होतं? काहीच दिसत नव्हतं. मी परत टूल बघितलं, परत जॉब बघितला. हात मांडीला चिकटल्यासारखा झाला. सर केबिनमधून बाहेर आले.

"काय दिसलं?"

"काही नाही, सर."

"मंग?"

"भेव लागते."

मागचे इंजिनिअर हसले. त्यातला चष्मेवाला म्हणाला, "काय प्रॉब्लेम आहे?" सर शुद्ध भाषेत म्हणाले, "ऑपरेटरचा हात वर झालेला नाही." "हो, पण मशीनमध्ये प्रॉब्लेम काय आहे?" "ते बघावं लागेल." नानांनी सरांना कोपऱ्यात ओढलं, पण कंप्रेसर नेमका बंद होता, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. "दिनकर, तुझा प्रोग्रॅम बरोबर हाय का न्हाय?" "बरोबर हाय." "मंग दाब की एंटर! त्या भित्र्याचं काय घिऊन बसलास? मानसं पुण्यास्नं आल्यात!" सर म्हणाले, "त्येंस्नी मोरगावला गणपतीला नेऊन आणा, नाना. तवर आमी बघतो." नानांनी टोपी काढली, परत घातली. मला वाटलं, आता ते एसटीचं नाव काढणार. त्यांनी काढलं नाही, पण जाताना माझ्याकडं असं बघितलं की मला ते ऐकू आलं.

गाडी गेली आणि सरांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. एकेक टूल खाली आणायचं, जॉब आणि टूल यांच्यामध्ये पातळ कागद धरायचा, कागद अडकला की तिथली उंची मशीनला सांगायची. सगळ्या टूलांची उंची परत घेतली. पहिल्यासारखीच आली. मग टूल जॉबच्या बरंच वर उचलून आख्खा प्रोग्रॅम हवेत चालवला. टूल रिकाम्या हवेत वळणं घेत होतं, आम्ही दोघं वाकून खाली बघत होतो. मी मनात म्हणत होतो, काहीतरी सापडू दे. एखादा आकडा, एखादा सैल नट. काही सापडलं तर मी वाचलो. दर टूल संपलं की सर विचारायचे, "दिसलं काय?" मी म्हणायचो, "नाही." तेही म्हणायचे, "मला बी न्हाय." त्यांच्या आवाजात राग शोधत होतो, तोही सापडला नाही. शेवटपर्यंत काही म्हणजे काही निघालं नाही.

मोरगावची मंडळी पेढे घेऊन परतली. सर केबिनमध्ये जाऊन बसले आणि काचेतून माझ्याकडं बघू लागले. यावेळी हात वर गेला. सरांनी एंटर दाबला. टूल खाली आलं, टूल थंड ठेवणारं पांढरं कूलंट उडालं, कापलेल्या स्टीलची पहिली चिप निळी होऊन टेबलावर पडली. पंख्याची पाती ठोकळ्यातून एकेक करत वर येताना दिसू लागली. चष्मेवाला खाली वाकला तो बराच वेळ उठलाच नाही. संध्याकाळी ते लोक खुशीत गेले. नाना सरांजवळ येऊन म्हणाले, "मंग, काय गावलं व्हतं दुपारी?"

"काय न्हाय."

"काय न्हाय? मंग येवढा टाइम घालवला कशापायी?"

"त्येचा हात वर न्हवता."

नाना म्हणाले, "तुमी दोघं बी येडी हाय," आणि हातातला पेढा त्यांनी मला दिला.

मला तो गिळवेना. टपरीवर चहा घेताना म्हणालो, "सर, माझं चुकलंच. उगंच झालं सगळं." सर बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "कारण गावल्यावर थांबणारी लई हायेत, गजा. पर कारण गावंस्तवर टूल आत गेल्यालं आसतंय. तू उद्या बी थांब. परवा बी थांब." मग डोळे मिचकावून, "रोज मात्र नगं. नानांची टोपी फाटंल." त्या रात्री खोलीवर जाऊन मी पिशवी रिकामी केली आणि कपडे खिळ्याला लावले.

ते असे का होते, हे मला त्या दिवाळीत थोडं कळलं. मला गावी जायला जमलं नव्हतं, म्हणून सरांनी मला गाडीवर मागं बसवून निरवांगीला नेलं. घर साधं, दारात कडुलिंब, आत बाबासाहेबांची तसबीर. त्यांचे वडील, आबा, बाजेवर बसलेले. त्यांचे हात बघून मला माझ्या आईचे हात आठवले. संध्याकाळी बांधावरून चालताना सर म्हणाले, "माझ्या बापाला उभ्या जन्मात कुणी इच्यारलं न्हाय, ह्ये करतोस का म्हणून. 'कर' म्हणायचे, आन् त्यो करायचा. मला शाळा आली, नोकरी आली, कॉम्प्युटर आला. पर कुणाला 'कर' म्हणायचं म्हणलं की अजून माझी जीभ उचलत न्हाय." एवढं बोलून लगेच कालव्याच्या पाण्याचं काहीतरी सांगायला लागले.

सरांच्या पुण्यानुमोदनाला मी आणि नाना निरवांगीला गेलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, वंदना झाली, एकेक जण उठून सरांबद्दल बोलत होता. आबा माझ्याजवळ आले. "तुमी त्येच्या मशीनवरलं न्हवं का? बोलता का दोन शबुद?" मी 'नाही' अशी मान हलवली. आजूबाजूचे म्हणायला लागले, बोला की, बोला, काय होतंय. आबांनी हात आडवा केला आणि त्यांना म्हणाले, "न्हाय म्हणत्यात न्हवं त्ये. ऱ्हाऊ द्या." मी मान खाली घातली ती वर करता आली नाही. मुलगा बापाकडून काय घेतो ते असं कळतं.

निघताना सरांच्या पत्नीनं, वहिनींनी, मला आत बोलावलं. मुठीतून एक लहानशी वस्तू माझ्या हातावर ठेवली. कॉम्प्युटरच्या मागं लावायचं सॉफ्टवेअरचं कुलूप होतं ते. त्याच्यावाचून कॅम उघडतच नाही, आणि चोरी होईल म्हणून सर ते खिशात घेऊन फिरायचे. इतके दिवस नाना त्याच्यासाठी पुण्याला फोन करत होते. "शर्टात व्हतं त्येंच्या," वहिनी म्हणाल्या. "भिजवायला घेतला तवा हाताला लागलं. पानी लागलंय वाईच. बिघडलं तर न्हाय ना, भावजी?" मी म्हणालो, "नाही वहिनी, चालते." चालेल की नाही हे मला कुठं माहीत होतं? परतीच्या सगळ्या रस्त्यात ते मी रुमालात धरून वाळवत होतो.

चाललं ते. पडदा उघडला, सरांची शेवटची फाइल समोर आली. पंपाचाच जॉब, त्याच्या चारी बाजूंना पिवळे डबे. शेजारी नाना उभे होते. म्हणाले, "तुला त्येनं शिकीवलंय ना थोडं? बस तितं." सरांनी गेलं वर्षभर मला दुपारच्या सुट्टीत शिकवलं होतं, लहान जॉब मी काढतो. मोठ्याला पुण्याहून माणूस येतो. सरांच्या खुर्चीत बसताना पहिले काही दिवस मी अर्ध्या बुडावरच बसत होतो. पडद्याला बोट टेकवायला आता भीती वाटत नाही. वाटते ती वेगळी.

मशीनवर आता मेहबूबभाई आहेत, सोलापूरकडचे, माझ्याहून वयानं मोठे, घर लांब, मागं चार पोरं. त्यांना रीत सांगितली आहे. काचेतून मी बघतो आणि बघेपर्यंत त्यांचा हात वर झालेला असतो. टूल बघायच्या आधी वर, जॉब बघायच्या आधी वर. मी विचारलं, "भाई, नीट बघितलं का?" तर म्हणतात, "तुमी केलंय म्हंजी बरोबरच आसनार की." एवढ्या लवकर वर होणारा हात कशाला घाबरतो, ते मला चांगलं माहीत आहे, माझीही पिशवी भरलेलीच असायची. म्हणून मी एंटर न दाबता बाहेर जातो, त्यांच्याशेजारी उभा राहतो आणि आम्ही दोघं मिळून परत बघतो. नाना म्हणतात, दिनकरचं भूत शिरलंय तुझ्यात.

सर, एक दिवस असा येईल. घाईचं काम असेल, नाना टोपी काढ-घाल करत असतील, माझा प्रोग्रॅम मला शंभर टक्के बरोबर वाटत असेल, आणि मेहबूबभाईंचा हात खालीच राहील. विचारलं तर ते म्हणतील, काही नाही, नुसतं भ्या वाटतंय. त्या दिवशी मी खुर्चीतून उठेन. पहिल्या टूलपासून सगळं परत करेन, काही सापडणार नाही हे माहीत असूनही करेन, आणि आवाजात राग येऊ देणार नाही. तुमचं देणं मला असंच फेडता येईल. तो दिवस येईपर्यंत ते माझ्यावर राहू द्या.